बांबू काढताना ऊस का होतो?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून चित्रकलेची आवड. जलरंगात निसर्गचित्रं बरी जमतात. मध्यंतरी चिनी ब्रशचित्रांचे व्हिडिओ पाहिले आणि वेडच लागलं. मुलानं ऑनलाइन एक संच मागवून दिला. त्यात नऊ ब्रश, शाईची कांडी, ती उगाळायचा दगड, शिक्का आणि 'राइस पेपर'चा गठ्ठा आहे. पण कागदावर शाई टेकवली की डाग पसरतच जातो. बांबू काढला तर नातू म्हणतो, आजी, ऊस छान आलाय. कागद खराब आहे का? कांडी उगाळायलाच हवी, की बाटलीतली शाई चालेल? सगळे म्हणतात आधी जुन्या चित्रांची नक्कल करा; आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तर नक्कल म्हणजे चोरी असं शिकवलं होतं. सून म्हणते शाईत जनावराचं काहीतरी असतं, खरं का? एखादं चित्र जमलंच तर ते इतकं सुरकुततं की फ्रेम कशी करावी कळत नाही. आणि या वयात हे सुरू करणं वेडेपणा तर नाही ना?"

ताई, नातवाला चांगली नजर आहे. तुम्ही सोबत पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. प्रत्येक पेराच्या दोन्ही कडा आधी रेघेनं काढल्या आहेत, मग आत करडा रंग भरला आहे, मग गाठी ठसठशीत केल्या आहेत, आणि पेरं सगळी एका मापाची आहेत. ऊस यालाच म्हणतात. बांबूची पेरं बुंध्याशी आखूड, मध्ये लांब आणि शेंड्याकडे पुन्हा आखूड होत जातात. पण माप ही किरकोळ गोष्ट झाली, ती उद्या सुधारेल. खरी अडचण ती कड काढून आत भरण्याची. परीक्षेच्या ड्रॉइंगमध्ये आपण आधी आकार बांधतो, मग रंग देतो, मग छाया, आणि चुकलं तर खोडतो. चिनी शाईचित्राच्या ज्या मोकळ्या पद्धतीच्या तुम्ही प्रेमात पडलात, तिथे आकार, रंग आणि छाया हे तिन्ही ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात उतरतात. ब्रश टेकला, दाबला, ओढला, थांबला, उचलला की एक पेर झालं. त्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. (बारीक रेघांनी आकार बांधून थरावर थर रंग चढवायची दुसरी चिनी पद्धतही आहे आणि ती तुमच्या सवयीला जवळची आहे. पण व्हिडिओत तुम्ही पाहिलीत ती ही नव्हे.)

म्हणून माझा पहिला सल्ला कदाचित आवडणार नाही. काही आठवडे चित्रं काढणं बंद करा. फक्त फटकारे काढा.

ते काढण्याआधी ब्रश भरायला शिकावं लागतं. व्हिडिओवाले हे दोन सेकंदांत उरकतात आणि सगळी गोम तिथेच असते. जलरंगात आपण ताटलीत हवी ती छटा कालवतो आणि ब्रश त्यात बुडवतो. इथे छटा ब्रशच्या आत तयार होते. ब्रश आधी पाण्यात पूर्ण भिजवा आणि बशीच्या काठावर निथळून घ्या. मग फिकट शाईत, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या शाईत, पोटापर्यंत बुडवा आणि पुन्हा काठावर पुसा. आता फक्त टोक, केसांचा खालचा तिसरा हिस्सा, दाट शाईत टेकवा आणि पांढऱ्या बशीत दोन-तीनदा हलकेच दाबा, म्हणजे दाट आणि फिकट यांच्यातली सीमा विरघळेल. असा भरलेला ब्रश आडवा पाडून ओढलात तर एका कडेला काळा, दुसऱ्या कडेला करडा आणि मध्ये सगळ्या छटा असलेला पट्टा उमटतो. गोल देठ आपोआप दिसतो, वेगळी छाया द्यावी लागत नाही. नवव्या शतकातल्या एका चिनी चित्रकला-इतिहासकारानं म्हटलं आहे की शाई नीट वापरली की पाचही रंग तिच्यातच मिळतात. तो हेच सांगत होता. पदार्थ एकच, पाण्याचं प्रमाण वेगळं.

पांढरी चिनीमातीची बशी घ्या, स्टीलची नको. स्टीलमध्ये छटा कळत नाही. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक धुवायला, एक स्वच्छ.

आता ब्रश धरण्याबद्दल. जलरंगाचा ब्रश आपण पेनसारखा तिरका धरतो. हा उभा धरायचा, कागदाशी काटकोनात. अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला, अनामिकेचा मागून आधार, तळहात आतून पोकळ. उभा ब्रश ओढला की टोक रेषेच्या मधोमध चालतं आणि रेषा भरीव येते. तिरका केला की टोक एका कडेनं चालतं आणि रुंद, खरबरीत पट्टा येतो. दोन्ही लागतात, पण उभा आधी शिकावा. त्यासाठी वर्तमानपत्रावर बाहेरून आत जाणारी गोगलगाय काढा, आख्ख्या पानभर, रेषेची जाडी न बदलता. मनगट कागदावर टेकलं की ती बिघडते. हात खांद्यातून हलवायला लागला की जमते. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण याच हालचालीतून पुढे ऑर्किडचं लांब पान निघतं.

नऊ ब्रश आले असले तरी दोन बाहेर ठेवा आणि सात बांधून कपाटात टाका. एक मधल्या आकाराचा मिश्र केसांचा, आत ताठ आणि बाहेर मऊ. एक मोठा बकरीच्या मऊ केसांचा. 'लांडग्याचे केस' असं लिहिलेले तपकिरी ब्रश विझल नावाच्या, मुंगुसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या केसांचे असतात. ते लवचीक असतात, बांबूच्या पानांना उत्तम. नवा ब्रश खळीनं ताठ केलेला असतो, तो साध्या पाण्यात हळूहळू मोकळा होऊ द्या. गरम पाणी अजिबात नको. केस ज्या डिंकानं दांडीत बसवलेले असतात, तो सुटतो. सोबतचं प्लॅस्टिकचं टोपण फेकून द्या, ते पुन्हा घालताना केस मोडतात आणि आत ओल राहून बुरशी धरते. वापरून झाल्यावर धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि टोक खाली करून टांगा किंवा आडवा ठेवा. धुतलेला ब्रश टोक वर करून पेल्यात उभा ठेवायची आपली सवय इथे नडते, पाणी उतरून दांडीच्या आत शिरतं.

डाग पसरण्याबद्दल. तुमचा कागद बहुधा ठीकच आहे. त्यात तांदळाचा दाणा नसतो, नाव बाजारातलं आहे. या कलेसाठी नावाजलेला श्वान कागद चीनच्या आन्ह्वे प्रांतातल्या चिंगश्येन भागात एका विशिष्ट झाडाच्या सालीपासून आणि भाताच्या पेंढ्यापासून बनतो. २००९ साली त्याच्या निर्मितीची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्याचे ढोबळ दोन प्रकार. 'कच्चा' कागद टिपकागदासारखा शोषतो. 'पक्का' तुरटी आणि सरसाचं पाणी देऊन बंद केलेला असतो, त्यावर शाई पसरत नाही. तुमच्याकडे आला आहे तो कच्चा. या चित्रांना हवा असतो तोही हाच.

तेव्हा दोष पाण्याचा आणि वेगाचा. एक प्रयोग करा. त्याच भरलेल्या ब्रशनं एक रेघ सावकाश ओढा, दुसरी झपकन. मग ब्रश काठावर चांगला निथळून पुन्हा दोन्ही ओढा. या चार रेघा समोर टाचून ठेवा. कुठल्या ओलीला कुठला वेग, हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा त्या चार रेघा नीट शिकवतील. पावसाळ्यात सांगलीच्या हवेत कागदच ओल धरतो, तेव्हा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि ब्रश नेहमीपेक्षा कोरडा घ्या.

रोजच्या सरावासाठी चांगला कागद जाळू नका. वर्तमानपत्र हाताला वळण लावायला पुरेसं आहे, मात्र ते शाई फारशी शोषत नाही, त्यामुळे पाण्याचा अंदाज त्यावर येणार नाही. जपानी सुलेखनाचा 'हान्शी' नावाचा साधारण २४ बाय ३३ सेंटिमीटरचा कागद ऑनलाइन मिळतो, तो मधला मार्ग. श्वान कागदाचा मोठा ताव ६९ बाय १३८ सेंटिमीटरचा असतो. त्याचे चार उभे तुकडे केले की बांबूला छान मिळतात. गुळगुळीत बाजू वर ठेवा. आणि खाली लोकरी कापड हवंच, नाहीतर शाई टेबलापर्यंत उतरते आणि ओला कागद चिकटून फाटतो. तिकडे त्यासाठी नमदा वापरतात. आपल्याकडे जुनं, घट्ट विणीचं ब्लँकेट चालतं. घोंगडी नको, तिचा खरखरीतपणा फटकाऱ्यात उमटतो.

शाई. बाटलीतली खुशाल वापरा. बीजिंगमध्ये १८६५ साली सुरू झालेला 'यीदग' हा ब्रँड बाटलीतल्या शाईसाठीच प्रसिद्ध आहे आणि चीनमधले विद्यार्थीसुद्धा सरावाला बाटलीच घेतात. फक्त इंजिनीअरिंग ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई घेऊ नका. तिच्यात लाख असते, ती वाळली की ब्रश कायमचा गेला. कांडी उगाळण्यात ध्यान वगैरे आहे असं बरंच लिहिलं जातं. मला त्यातलं फार कळत नाही, पण एक फायदा रोकडा आहे: दाटपणा तुमच्या हातात राहतो आणि ताज्या शाईच्या फिकट छटा अधिक स्वच्छ येतात. दगडावर चमचाभर पाणी, कांडी उभी, हलक्या हातानं गोल गोल, घाई न करता. उगाळून झाली की कांडी पुसून ठेवा. दगडावर उभी ठेवलीत तर चिकटून बसेल. भेटवस्तूच्या संचातला दगड पुष्कळदा इतका गुळगुळीत असतो की त्यावर काही उगाळलंच जात नाही. तसं असेल तर दोष स्वतःकडे घेऊ नका, बाटली उघडा.

सूनबाईंचं म्हणणं खरं आहे. पारंपरिक शाई म्हणजे काजळी आणि सरस, आणि सरस जनावरांच्या कातड्याचा किंवा हाडांचा असतो. ब्रशही केसांचे. तुमच्या घरात हे चालणार नसेल तर कृत्रिम केसांचे ब्रश मिळतात आणि बाटलीतल्या काही शायांमध्ये कृत्रिम चिकट द्रव्य असतं, वेष्टणावर पाहून घ्या. कृत्रिम ब्रश पाणी कमी धरतो, म्हणून पुन्हा पुन्हा भरावा लागेल, इतकाच फरक. रंगांकडे वळाल तेव्हा आणखी एक जपा. 'गँबोज' नावाचा अस्सल चिनी पिवळा हा झाडाचा विषारी डिंक आहे. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आता नक्कल. तुमच्या सरांच्या काळजीला अर्थ होता. परीक्षेत शेजारच्या मुलाचं चित्र उतरवणं ही चोरीच. पण चीनमध्ये जुन्या चित्रावरून चित्र करणं हा शिक्षणाचा राजमार्ग आहे आणि तो उघडपणे चालतो. सहाव्या शतकातल्या श्ये ह या समीक्षकानं चित्रकलेची सहा तत्त्वं सांगितली. पहिलं चित्रातल्या प्राणाचं, दुसरं ब्रशमधल्या हाडाचं म्हणजे बळाचं, आणि सहावं चक्क पूर्वसुरींची चित्रं उतरवून ती पुढे नेण्याचं. आपल्याकडेही कामसूत्रावरच्या यशोधराच्या भाष्यात चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. आकडा तोच, पण नक्कल हे अंग आपल्या यादीत नाही. तुमच्या मनातला अपराधीपणा कदाचित इतका जुना असेल!

उतरवण्याचे तिकडे टप्पे आहेत. आधी चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवायचं. मग चित्र समोर ठेवून, बघून काढायचं. मग चित्र झाकून आठवणीनं काढायचं. कागदावर तेच चित्र दिसतं, पण प्रत्येक टप्प्यात शिकायचं वेगळं असतं. गिरवताना जागा कळतात, बघून काढताना वेग आणि दाब शोधावा लागतो, आणि झाकून काढताना कळतं की आपण काय पाहिलंच नव्हतं. १६७९ साली नानचिंगमध्ये 'राईदाणा बागेची चित्रपोथी' या अर्थाच्या नावाचा एक छापील ग्रंथ निघाला. १७०१ साली आलेल्या त्याच्या पुढच्या भागात ऑर्किड, बांबू, प्लम आणि शेवंती या चौघांचे धडे पान-पाकळीपासून रचले आहेत. छी बाइशी हा विसाव्या शतकातला मोठा चित्रकार मूळचा हुनान प्रांतातला सुतार. तरुणपणी एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याला ही पोथी दिसली, ती त्यानं मागून आणली आणि रात्री दिव्याच्या उजेडात पान न् पान गिरवून काढली. शिकला तो असा. आणि म्हातारपणी शिष्यांना त्यानंच बजावलं की माझ्याकडून शिकाल तर तराल, माझ्यासारखे दिसायला जाल तर संपाल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

पोथीचा इंग्रजी अनुवाद मिळतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांची मोठ्या आकाराची छायाचित्रं मोफत खुली केली आहेत, त्यात चिनी शाईचित्रं भरपूर आहेत. तायपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात अकराव्या शतकातल्या वन थोंग या चित्रकाराची बांबूची फांदी आहे. वरून खाली झुकून शेवटी पुन्हा वर वळणारी. तिचं मोठं छायाचित्र शोधा आणि पानं कुठे काळी, कुठे करडी आहेत एवढंच आधी पाहा. उतरवलेल्या चित्राखाली 'अमुक चित्रकाराच्या चित्रावरून' असं लिहा. चिनी चित्रकारही तसं लिहीत आले आहेत. मग चोरी कसली? ते चित्र स्वतःचं म्हणून प्रदर्शनात देऊ नका, म्हणजे सरांचाही मान राहील.

सुरुवात बांबूनंच करा. पोथीतला क्रम ऑर्किडपासून आहे आणि पुष्कळ शिक्षक तोच धरतात. पण जलरंगातून आलेल्या माणसाला दाबणं-उचलणं बांबूत लवकर समजतं, असं माझं मत. पेरांमध्ये केसाएवढी फट सोडा. देठ अर्धवट सुकला की त्या फटीत गडद शाईची बारीक, कडांना किंचित वळलेली रेघ द्या. तीच गाठ, ती फुगवू नका. पान म्हणजे टेकवणं, दाबणं आणि पुढे जात जात उचलणं. टोकाला ब्रश हवेत गेलेला असला पाहिजे. कागदावर थांबलात तर पान बोथट होतं. पानं तीन-तीन, चार-चारच्या झुबक्यांनी येतात, एकमेकांवरून जातात, आणि सगळी एकाच काळेपणाची नसतात.

हात थोडा बसला की चंग बान्छ्याओचं ऐका. हा अठराव्या शतकातला यांगचौचा चित्रकार आयुष्यभर बांबू काढत राहिला. तो लिहितो की मला कुणी गुरू नव्हता, खिडकीच्या कागदावर आणि पांढऱ्या भिंतीवर उन्हाचांदण्यात पडलेल्या सावल्यांकडून मी शिकलो. नक्कल करा म्हणणाऱ्यांना हे सोयीचं वाक्य नाही, पण खरं आहे. सावलीत कडा आणि आतला भाग असा भेद राहत नाही, सगळं पान एकदम दिसतं. तुम्हाला नेमकं तेच हवं आहे. कोकणात जाणं झालं तर माणगा जातीच्या बांबूची एखादी पानंवाली फांदी आणा, रात्री दिव्यासमोर धरा आणि भिंतीवर काय दिसतं ते पाहा. ऑर्किड मात्र नर्सरीतल्या जांभळ्या-पांढऱ्या फुलांवरून काढू नका. चिनी चित्रातलं ऑर्किड गवतासारख्या लांब पानांचं, लहान फुलांचं, वेगळंच झाड आहे.

व्हिडिओ निवडताना कॅमेरा वरून आहे, हात आणि बशी दोन्ही दिसतात आणि वेग वाढवलेला नाही, असा एकच निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा पाहा. वेगवान केलेले व्हिडिओ बघून माणूस वेगवान हात मारायला लागतो, त्याचा उपयोग नाही. शिक्का सध्या डबीतच असू द्या.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, छी बाइशीनं आपली शैली साठीच्या आसपास मोडून नव्यानं घडवली. पण तुम्हाला दाखल्याची गरज आहे असं पत्रावरून वाटलं नाही. खांदा आणि कंबर यांची काळजी घ्या, ती जास्त कामाची. मांडी घालून जमिनीवर बसू नका. कमरेएवढ्या टेबलाशी उभं राहून काढा; लांब फटकारा उभ्यानंच चांगला येतो. अर्धा तास पुरे.

राहिली फ्रेम. पातळ कागद ओला होऊन सुकला की सुरकुतणारच, तिकडेही सुरकुततो. म्हणून चित्राच्या पाठीला दुसरा कागद चिकटवून ते ताणतात. आधी एका फुकट गेलेल्या चित्रावर पाणी शिंपडून पाहा. शाई फुटली तर ती बाटली या कामाची नाही. फुटली नाही तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ, गाळलेली खळ शिजवा आणि थंड होऊ द्या. चित्र पालथं करून स्वच्छ काचेवर किंवा सनमायकाच्या टेबलावर ठेवा, पाणी फवारा, सुरकुत्या मधून बाहेर सारा आणि रुंद मऊ ब्रशनं पाठीला खळ लावा. त्यावर सगळीकडून दोन बोटं मोठा कागद अलगद पसरून कोरड्या ब्रशनं दाबा. बाहेर आलेल्या कडांना खळ लावून सगळं उचला आणि कडांवर गुळगुळीत फळीला चिकटवा, चित्राची बाजू तुमच्याकडे. सुकताना ते आपोआप ताणलं जातं. पूर्ण सुकल्यावर कडा कापून काढा. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात तसं इथे करू नका, कागदावर डाग पडतील. आणि हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. पावसाळ्यात खळ सुकायच्या आत बुरशी येते.